छिद्रण, वक्र पृष्ठांवरील तिरपे

दंडगोल, शंकू, गोल किंवा याहून अनियमित अशा वक्र पृष्ठाच्या भागात, त्या पृष्ठाच्या लंबाशी कोन करणारे अथवा भागाच्या मध्य अक्षापासून बाजूला सरकलेले छिद्र पाडणे, तसेच त्या छिद्राचे स्थान, दिशा व तोंडाचा आकार आगाऊ निश्चित करणे, यांचा या विषयात समावेश होतो. एंजिनाच्या भुजादंडातील (कारखान्यात यालाच क्रँकशाफ्ट म्हणतात) वंगण तेलाचा मार्ग, डीझेल एंजिनाच्या तेलफवाऱ्याच्या टोकावरील सूक्ष्म छिद्रे, झडपांच्या व पंपांच्या बिडाच्या कवचातील तिरपे मार्ग आणि वायु-टरबाइनाच्या पात्यांतील शीतनाची छिद्रे ही याची नेहमीची उदाहरणे होत. सपाट पृष्ठावर सरळ छिद्र पाडणे हे यंत्रशाळेतील सर्वांत साधे काम मानले जाते. पृष्ठ वाकले आणि छिद्र कलले की तेच काम सर्वांत फसवे ठरते. आरेखनाच्या कागदावर, यंत्राच्या मेजावर आणि अलीकडे संगणकाच्या पडद्यावर या कामातील अडचण निरनिराळ्या रूपांत पुढे येते. ओतकाम व एंजिन-भाग यांवर ज्याचा उद्योग मुख्यतः उभा राहिला त्या कोल्हापूर शहराच्या औद्योगिक इतिहासात या तिन्ही अवस्था एकामागून एक पाहावयास मिळतात.

भूमिती : एखाद्या दंडावर त्याच्या अक्षाला छेदणारे व अक्षाशी काटकोन करणारे छिद्र पाडल्यास छिद्राचा अक्ष पृष्ठाच्या लंबाशी जुळतो आणि ड्रिल समतोल टेकते. हेच छिद्र दंडाच्या अक्षापासून बाजूला सरकविले, तर छिद्राची दिशा न बदलताही ते पृष्ठाच्या दृष्टीने तिरपे होते. हा तिरपेपणा मोजण्याचा नियम सोपा आहे : सरकलेले अंतर भागिले दंडाची त्रिज्या, ही लंबाशी होणाऱ्या कोनाची ज्या होय. ६० मिमी. व्यासाच्या दंडावर छिद्र मध्यापासून १५ मिमी. सरकविले, तर हे गुणोत्तर १५/३०, म्हणजे ०·५ येते आणि कोन ३०° होतो. या ठिकाणी ८ मिमी. व्यासाचे छिद्र पाडावयाचे असल्यास त्याच्या तोंडाची आतील कड बाहेरील कडेपेक्षा सु. ४·७ मिमी. उंच असते. छिद्राच्या निम्म्याहून अधिक व्यासाएवढा हा उतार डोळ्यांना फारसा जाणवत नाही, कारण दंड गोल असल्याने नजर त्याला सरावलेली असते. ड्रिलला मात्र तो पहिल्याच फेऱ्यात जाणवतो.

सर्वसाधारण पिळाच्या ड्रिलच्या टोकाचा कोन ११८° असतो. टोकापासून त्याच्या धारा दोन्ही बाजूंना ३१° उताराने मागे जातात. पृष्ठाचा उतार ३१° पेक्षा कमी असेल, तर निदान टोक तरी प्रथम टेकते. त्याहून जास्त झाला की टोक हवेत राहते आणि धारेचा बाहेरचा कोपरा प्रथम घासू लागतो. यावरून दंडावरील सरकलेल्या छिद्राच्या बाबतीत एक व्यावहारिक मर्यादा निघते : सरकलेले अंतर त्रिज्येच्या निम्म्याहून थोडे अधिक (सु. ०·५१५ पट) झाले, की कोणत्याही पूर्वतयारीशिवाय थेट छिद्र पाडणे व्यर्थ होय. या मर्यादेच्या आतही एक धार दुसरीच्या आधी कापू लागल्याने बाजूचा दाब निर्माण होतो, ड्रिल उताराच्या दिशेने घसरते, वाकते आणि बारीक असल्यास तुटते. छिद्र आरपार जाताना बाहेर पडण्याच्या जागी पृष्ठ पुन्हा तिरपे असेल, तर हीच अडचण उलट बाजूने उद्भवते. तेथे अर्धे टोक मोकळे होते, उरलेले अर्धे धातूत अडकते व ड्रिल झटक्याने पुढे ओढले जाते.

छिद्राच्या तोंडाचा आकार हा वेगळा प्रश्न आहे. सपाट पृष्ठावरील तिरप्या छिद्राचे तोंड विवृत्ताकार असते आणि त्याचा मोठा अक्ष छिद्राचा व्यास भागिले लंबाशी असलेल्या कोनाची कोज्या इतका येतो. दोन दंडगोलांच्या छेदनाने होणारे तोंड मात्र सामान्यतः कोणत्याही एका प्रतलात मावत नाही. ते चौथ्या घाताचे अवकाशातील वक्र असते. दोन्ही दंडगोलांचे व्यास समान असून त्यांचे अक्ष एकमेकांना छेदत असतील, एवढ्या एकाच विशेष प्रसंगी या वक्राची दोन सपाट विवृत्तांत फोड होते. सारख्या मापाचे दोन नळ जोडताना कारागिराला सरळ काप पुरतो याचे कारण हेच. छिद्र दंडाच्या कडेकडे आणखी सरकत गेले आणि सरकलेले अंतर व छिद्राची त्रिज्या यांची बेरीज दंडाच्या त्रिज्येइतकी झाली, की छिद्राची बाहेरील भिंत नाहीशी होते. त्यापुढे ते छिद्र न राहता दंडाच्या कुशीत पडलेली खाच होते.

इतिहास : वक्र पृष्ठावर छिद्र पाडण्याची गरज यंत्रयुगाच्या फार पूर्वीची आहे. बासरीच्या वेळूवर तापलेल्या सळईने पाडलेली छिद्रे, लाकडी चाकाच्या तुंब्यात आरे बसविण्यासाठी पाडलेली भोके ही तिची घरगुती उदाहरणे होत. सुतार गिरमिटाने किंवा दोरीच्या सामत्याने हे काम करीत. लाकडात टोक रुतत असल्याने घसरण्याची अडचण तेथे सौम्य असते. धातूच्या बाबतीत पहिले महत्त्वाचे उदाहरण तोफेच्या कानाचे होय. तोफेच्या मागील जाड, निमुळत्या भागावर रंजकासाठी पाडलेले हे बारीक छिद्र नळीच्या अगदी तळाशी उतरावे लागे. ते थोडे पुढे उतरले तर दारू नीट पेट घेत नसे. मराठेशाहीच्या युद्धवर्णनांत शत्रूच्या तोफांच्या कानांत मेखा ठोकून त्या निकामी केल्याचे उल्लेख येतात. संपूर्ण तोफ एका लहान तिरप्या छिद्रावर कशी अवलंबून असे, हे त्यावरून लक्षात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धातूसाठी भाल्याच्या पात्यासारखे चपटे ड्रिल वापरीत. त्याला बाजूंचा आधार नसल्याने वक्र पृष्ठावर ते हमखास भरकटे. अमेरिकन तंत्रज्ञ स्टीव्हन अँब्रोझ मॉर्स यांनी १८६३ साली एकस्व घेतलेल्या पिळाच्या ड्रिलमुळे कीस बाहेर येण्याची सोय झाली आणि ड्रिलच्या अंगाला छिद्राच्या भिंतीचा आधार मिळू लागला. तथापि हा आधार छिद्र थोडे खोल गेल्यावर मिळतो. सुरुवातीच्या काही मिलिमीटरांची अडचण तशीच राहिली.

छिद्राचे तोंड कागदावर कसे काढावे याचे शास्त्र तत्पूर्वीच तयार झाले होते. फ्रेंच गणितज्ञ गास्पार माँझ (१७४६–१८१८) यांनी मेझ्येर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत वर्णनात्मक भूमितीची पद्धत विकसित केली. लष्करी उपयोगामुळे ती काही वर्षे गुप्त ठेवण्यात आली. १७९५ साली पॅरिस येथे त्यांनी तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली व १७९९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दोन वक्र पृष्ठांना सोयीच्या साहाय्यक प्रतलांनी छेदावे, प्रत्येक प्रतलात मिळणाऱ्या साध्या रेषांचे छेदनबिंदू शोधावेत आणि ते बिंदू जोडून छेदनवक्र काढावे, ही तिची मूळ कल्पना होय. अभियांत्रिकी आरेखनाच्या अभ्यासक्रमात ‘पृष्ठांचे छेदन’ या नावाने ती अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना शिकविली गेली. परीक्षेसाठी बारा बिंदू काढून वक्र पुरे करणारा विद्यार्थी हे वक्र पुढे प्रत्यक्ष धातूत कोठे भेटते, याबद्दल मात्र बहुधा अनभिज्ञ राही. शिक्षणातील हा दुवा तुटका राहिल्याची किंमत यंत्रशाळांना मोजावी लागली.

कोल्हापुरातील परिस्थिती : राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांच्या कारकीर्दीत कोल्हापूर संस्थानात शाहूपुरी ही व्यापारपेठ (१८९५) वसविण्यात आली, सूत व कापड गिरणी (१९०६) निघाली आणि राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले. ऊस व गूळ यांचा व्यवसाय वाढला तसे उसाचे लोखंडी चरक, नदीवरील पंप व ते चालविणारी तेल एंजिने जिल्ह्यात आली. या यंत्रांच्या दुरुस्तीतून येथील यंत्रशाळांचा जन्म झाला. शेजारी औंध संस्थानाच्या हद्दीत लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १९१० साली वसविलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे उदाहरणही या भागापुढे होते. कोल्हापूरच्या कारागिरीची आणखी एक साक्ष वेगळ्या क्षेत्रातील आहे : बाबूराव पेंटर व विष्णुपंत दामले यांनी १९१८ च्या सुमारास येथेच चलच्चित्राचा कॅमेरा तयार केला. त्याचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध नाही. परंतु परदेशी यंत्र समोर ठेवून, त्याचे भाग मोजून, ते हाताशी असलेल्या साधनांवर पुन्हा घडविण्याची जी वृत्ती त्यात दिसते, तीच पुढे उद्यमनगरातील यंत्रशाळांत दिसून आली.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर हा उद्योग वेगाने वाढला. शिवाजी उद्यमनगर व वाय. पी. पोवार नगर या भागांत लेथ, ड्रिल यंत्रे व लहान ओतशाळा दाटीने उभ्या राहिल्या. शेतीच्या पाण्यासाठी लागणारी तेल एंजिने व त्यांचे सुटे भाग हे त्यांचे मुख्य उत्पादन होते. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्थापना १९६२) शिरोली व गोकुळ शिरगाव येथे वसाहती उभारल्या. वीजपंपांच्या प्रसाराने तेल एंजिनांची मागणी घटली, तेव्हा येथील कारखाने मोटारगाड्या व ट्रॅक्टर यांसाठी लागणाऱ्या बिडाच्या ओतीवांकडे वळले.

या पहिल्या काळात काम मुख्यतः नमुन्यावरून होई. गिऱ्हाईक मोडका भाग आणून देई, मेस्त्री तो मोजून तसाच नवा करून देई. नमुन्यावर सरळ छिद्र असेल, तर कॅलिपरने त्याचे स्थान घेता येते. तिरप्या छिद्राच्या बाबतीत मात्र मोजण्यासारखी कड नसते. तोंड लांबट झालेले असते आणि झिजलेल्या भागात ते आणखी पसरलेले असते. कुशल मेस्त्री छिद्रात घट्ट बसणारी सळई घालून तिच्या बाहेर आलेल्या भागावरून दिशा ठरवीत. सळईच्या दोन ठिकाणांची उंची सरफेस गेजने घेतली की कोन निघतो. लेखी गणिताशिवाय हाती आलेली ही पद्धत तत्त्वतः निर्दोष आहे. आजची मापन यंत्रेही याच तत्त्वावर चालतात.

भुजादंडाचे उदाहरण : चुकलेल्या तिरप्या छिद्राचे परिणाम किती दूरवर जातात, हे भुजादंडावरून स्पष्ट होते. काही लहान एंजिनांत वंगण नुसते उडवून भागविले जाते. दाबाखाली वंगण पुरविणाऱ्या एंजिनांत मात्र तेल प्रथम मुख्य धारव्यापाशी येते आणि भुजादंडाच्या आतून तिरप्या मार्गाने भुजाखुंटीपर्यंत (क्रँकपिनपर्यंत) पोचते. मुख्य धारव्याच्या मध्यापासून खुंटीचा मध्य अक्षाच्या दिशेने ६० मिमी. दूर, भुजेची त्रिज्या ५५ मिमी. व खुंटीचा व्यास ५० मिमी. आहे असे मानू. खुंटीच्या सर्वांत बाहेरच्या बिंदूपासून मुख्य अक्षापर्यंतची उंची ८० मिमी. होते. म्हणून छिद्राची लांबी १०० मिमी. येते व खुंटीच्या पृष्ठाच्या लंबाशी ते सु. ३७° कोन करते. हा कोन वर सांगितलेल्या ३१° च्या मर्यादेबाहेर आहे. छिद्र ६ मिमी. व्यासाचे असल्यास त्याची खोली व्यासाच्या सोळा पटींहून अधिक आणि तोंडाची लांबी ७·५ मिमी. होते. म्हणजे घसरण्याची व खोल छिद्रणाची अशा दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी एकत्र येतात. शिवाय हे छिद्र दोन गोलाकार भागांना जोडणाऱ्या सपाट भुजेच्या आतून, कोठेही बाहेर न फुटता गेले पाहिजे. खुंटीवर जेथे भार कमी असतो त्या बाजूस छिद्राचे तोंड सरकविण्याची प्रथा आहे. तसे केल्यास छिद्र तिरपे असून शिवाय सरकलेलेही होते.

छिद्राच्या तोंडाशी धातूतील प्रतिबल वाढते. जर्मन अभियंते एर्न्स्ट गुस्टाफ किर्श यांनी १८९८ साली दाखविल्याप्रमाणे, ताणलेल्या रुंद पत्र्यातील लहान वर्तुळाकार छिद्राच्या कडेशी प्रतिबल तिप्पट होते. पिळल्या जाणाऱ्या दंडाच्या पृष्ठावर परस्परलंब दिशांनी ताण व दाब असल्याने ते सिद्धांतानुसार चौपट होऊ शकते. तिरप्या छिद्राच्या तोंडाची एक कड लघुकोनी, पातळ असते. तेथे परिस्थिती आणखी बिघडते. भुजादंडाच्या छिद्रापासून निघालेला शिणवटीचा तडा पुष्कळदा ४५° च्या सुमाराने वळत जातो तो यामुळेच. म्हणून तोंडाची कड गोल करून गुळगुळीत घासणे हा शोभेचा भाग नाही. ज्या शेतकऱ्याचा भुजादंड ऐन पाण्याच्या पाळीत मोडे, त्याला या कडेचे महत्त्व पटवून द्यावे लागत नसे. किंमत कमी ठेवण्यासाठी मात्र नेमके हेच काम वगळले जाई.

कारखान्यातील पद्धती : ड्रिल घसरू नये म्हणून तीन प्रकारचे उपाय योजण्यात येतात. पहिला उपाय पृष्ठ बदलण्याचा. दंड व्ही-ब्लॉकमध्ये धरून, हव्या त्या कोनात कलवून, छिद्राच्या जागी एंड मिलने छिद्राच्या दिशेला लंब अशी लहान सपाट बैठक करतात व मग तीत ड्रिल टेकवितात. दुसरा उपाय ड्रिलला आधार देण्याचा. यासाठी जिगमध्ये कठीण पोलादाचे बुश बसवितात. बुशाचे खालचे तोंड सपाट ठेवल्यास तिरप्या पृष्ठाच्या एका बाजूस फट राहते आणि ड्रिल त्या फटीत वाकते. म्हणून चांगल्या जिगमध्ये बुशाचे तोंड भागाच्या वक्रतेनुसार कापून पृष्ठाच्या अगदी जवळ आणतात. ही साधी गोष्ट न केल्यामुळे निकामी ठरलेल्या जिगांची उदाहरणे कोणत्याही यंत्रशाळेत सापडतील.

तिसरा उपाय ओतशाळेतच करावयाचा असतो, आणि कोल्हापूरच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा होय. ओतीवाच्या वक्र पृष्ठावर जेथे तिरपे छिद्र यावयाचे तेथे पॅटर्नवरच एक उंचवटा ठेवतात. त्याचा माथा छिद्राच्या दिशेला लंब असतो. म्हणजे ड्रिलला सपाट पृष्ठ आयते मिळते. सागवानी पॅटर्न करणाऱ्या कारागिराला हा उंचवटा वक्र पृष्ठावर बेमालूम बसविण्यासाठी त्याच्या बुडाचा आकार, म्हणजेच माँझ यांचे छेदनवक्र, लाकडात कोरून काढावे लागे. तो ते वक्र कागदावर काढीत नसे. बुडाला काजळी लावून, पृष्ठावर टेकवून, जेथे डाग उमटेल तेथे छिलत जाई. शिवाय साच्यातून पॅटर्न अडकल्याविना निघावा म्हणून उंचवट्याची दिशा व साच्याच्या दुभागणीची रेषा यांचा मेळ घालावा लागे. तो न जमल्यास उंचवटा सुटा ठेवण्यात येई.

दुहेरी कोन : आरेखनात तिरप्या छिद्राचे कोन पुष्कळदा दोन दृश्यांत वेगवेगळे दिलेले असतात, उदा., समोरील दृश्यात उभ्या रेषेशी २०° व बाजूच्या दृश्यात ३०°. छिद्राचा खरा कोन या दोहोंच्या स्पर्शज्यांच्या वर्गांच्या बेरजेवरून काढावा लागतो. तो येथे सु. ३४·३° येतो. यंत्रावर भाग प्रथम २०° व नंतर दुसऱ्या अक्षाभोवती ३०° कलविला, तर सर्व बरोबर केल्याचे समाधान मिळते, परंतु प्रत्यक्षात कोन सु. ३५·५° होतो आणि दिशाही बदलते. दोन्ही दिशांमध्ये सु. २·५° चा फरक पडतो, ६० मिमी. खोलीवर छिद्राचे टोक सु. २·६ मिमी. भरकटते. कवचाची भिंत पातळ असेल, तर तेवढ्याने छिद्र शेजारच्या पाण्याच्या मार्गात फुटते. ही चूक भाग यंत्रावरून उतरल्यावरच उघडकीस येते. तोवर ओतीव, त्यावरील सर्व कातकाम व वेळ खर्ची पडलेला असतो.

संगणकाचा वापर : यंत्राला आकड्यांनी हालचाल शिकविण्याची सुरुवात अमेरिकेत जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून झाली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ साली अंकीय नियंत्रणाचे चक्री कर्तन यंत्र दाखविण्यात आले. त्यानंतर तेथेच डग्लस रॉस यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पर्यंत एपीटी ही भाषा तयार झाली. तीत बिंदू, रेषा, दंडगोल यांची वर्णने देऊन हत्याराचा मार्ग मांडता येई. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली प्रकाश-लेखणीने पडद्यावर आरेखन करण्याची स्केचपॅड प्रणाली सिद्ध केली. याच सुमारास फ्रान्समधील मोटार उद्योगात पॉल द कास्तेल्झो (सित्रोएन) व प्येर बेझ्ये (रेनो) यांनी मुक्त वक्रे व पृष्ठे गणिताने मांडण्याच्या पद्धती स्वतंत्रपणे शोधल्या.

छिद्राच्या दृष्टीने निर्णायक टप्पा घन-प्रतिमानाचा होय. १९७० नंतरच्या दशकात केंब्रिज विद्यापीठात इअन ब्रेड आणि अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर व अरिस्तीदीस रेक्विचा यांनी घन वस्तूंची बेरीज, वजाबाकी व छेदन संगणकावर करण्याची तंत्रे विकसित केली. यात छिद्र म्हणजे मूळ वस्तूतून वजा केलेला दंडगोल असतो, आणि छिद्राच्या तोंडाचे वक्र हे त्या वजाबाकीचे उपफल असते. ते कोणाला काढावे लागत नाही. संगणक ते स्वतः शोधतो. हे काम दिसते तितके सोपे नाही. दोन दंडगोलांचे छेदनवक्र चौथ्या घाताचे असते, पण दोन द्वित्रिघाती मुक्त पृष्ठांचे छेदनवक्र तब्बल ३२४ व्या घातापर्यंत जाऊ शकते. असे वक्र सूत्राने मिळत नसल्याने संगणक त्यावर टप्प्याटप्प्याने बिंदू शोधत जातो. माँझ यांनी कागदावर जे बारा बिंदूंनी केले तेच तो शेकडो बिंदूंनी करतो. १९८२ मध्ये ऑटोकॅड, १९८८ च्या सुमारास मापांच्या परस्परसंबंधांवर आधारलेली प्रो-एंजिनिअर व १९९५ मध्ये वैयक्तिक संगणकावर चालणारी सॉलिडवर्क्स या प्रणाली बाजारात आल्यावर ही तंत्रे लहान कारखान्यांच्या आवाक्यात आली.

कॅड प्रणालीत वक्र पृष्ठावर सामान्य द्विमितीय रेखाटन थेट करता येत नाही. त्यासाठी एक सपाट प्रतल लागते. नवशिका बहुधा दंडाला स्पर्श करणारे प्रतल घेतो, त्यावर वर्तुळ काढतो आणि ते तिरपे आत ढकलून छिद्र कापतो. असे केल्यास वर्तुळाची पातळी छिद्राच्या दिशेला लंब नसल्याने छिद्राचा काटछेद वर्तुळाकार राहत नाही. प्रतल छिद्राला लंब घेतले पण ते प्रवेशबिंदूतूनच नेले, तर त्याचा काही भाग धातूच्या आत पडतो व तोंडाच्या एका बाजूस न कापलेली पापडी शिल्लक राहते. निर्दोष मार्ग असा : प्रथम छिद्राचा अक्ष त्याच्या कार्यानुसार दोन बिंदूंनी निश्चित करावा, त्या अक्षाला लंब असे प्रतल वस्तूच्या पूर्णपणे बाहेर घ्यावे, त्यावर वर्तुळ काढून कापाची सुरुवात तेथून करावी. भुजादंडाच्या बाबतीत हे दोन बिंदू म्हणजे खुंटीवरील तेल हवे असलेली जागा व धारव्याच्या तेल-खाचेचा मध्य. कोन हे या बिंदूंचे फलित असावे. कोन प्रथम ठरवून बिंदू त्यावरून काढल्यास खुंटीचा व्यास बदलताच छिद्राचे तोंड भलतीकडे सरकते, आणि प्रतिमान मात्र कोणतीही तक्रार न करता नवे रूप दाखविते.

कोल्हापुरातील ओतशाळा व यंत्रशाळांत १९९१ नंतर देशी-परदेशी वाहन उत्पादकांची कामे वाढली, तेव्हा नमुन्याऐवजी आरेखन व पुढे आरेखनाऐवजी संगणकीय प्रतिमान येऊ लागले. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची ‘स्मॅक’, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ यांसारख्या संघटनांभोवती एकवटलेल्या या उद्योगात अंकीय नियंत्रणाची यंत्रे रुजली. परिसरातील तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांतून कॅड जाणणारे तरुण मिळू लागले. या बदलाने मेस्त्रीचे ज्ञान कालबाह्य ठरले, असे सरसकट मानले जाते. ते बरोबर नाही. पडद्यावर पाडलेले प्रत्येक छिद्र धातूत पाडता येतेच असे नसते. ड्रिल धरणारा चक भुजेला अडतो, हत्यार आत नेण्यास जागा उरत नाही, ३७° उतारावर ड्रिल टेकत नाही. प्रतिमानाला यांपैकी काहीही ठाऊक नसते. उंचवटा कोठे हवा व साचा कोठे दुभागावा, हे ज्या पॅटर्नकाराला बोटांनी कळत होते त्याला प्रतिमान तयार होताना विचारले गेले नाही, तेथे ओतीव तयार झाल्यावर विचारावे लागले. उलट बाजूही तितकीच खरी आहे. दुहेरी कोनाचे गणित, भिंतीची उरलेली जाडी व शेजारच्या मार्गांपासूनचे अंतर ज्या खात्रीने प्रतिमान सांगते, ते अनुभवी हाताला कधीच शक्य नव्हते. ज्या कारखान्यांत पॅटर्नकार व कॅड जाणणारा एकाच मेजावर बसले तेथे फेकाव्या लागणाऱ्या मालाचे प्रमाण कमी होणे स्वाभाविक होते. जुन्या कारागिरांची ही कौशल्ये फारशी कोणी लिहून ठेवलेली नाहीत आणि ते कारागीर आता थोडेच उरले आहेत.

अन्य पद्धती : ज्या ठिकाणी फिरणारे हत्यार चालतच नाही तेथे विद्युत् ठिणग्यांनी किंवा लेसर किरणांनी छिद्रे पाडतात. ठिणगी-क्षरणाची पद्धत सोव्हिएट शास्त्रज्ञ बोरिस व नताल्या लाझारेंको या दांपत्याने १९४३ साली शोधली. यात हत्यार धातूला टेकत नसल्याने घसरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डीझेल फवाऱ्याच्या गोलसर टोकावरील, मिलिमीटरच्या काही दशांशांइतक्या व्यासाची तिरपी छिद्रे याच पद्धतीने पाडली जातात. विमान-एंजिनांच्या टरबाइन पात्यांवरील शीतनाची छिद्रे पृष्ठाशी बऱ्याचदा ३०° च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पृष्ठालगत पाडतात, जेणेकरून गार हवेचा थर पात्याला चिकटून वाहील. मोठ्या संख्येने भुजादंड करणाऱ्या कारखान्यांत खोल तिरप्या छिद्रांसाठी एकधारी गन-ड्रिल वापरतात व त्याच्या पोकळ दांड्यातून दाबाखाली तेल सोडून कीस बाहेर काढतात. पाच अक्षांच्या यंत्रावर प्रथम बैठक, मग आखूड व जाड ड्रिलने लहान मार्गदर्शक छिद्र आणि शेवटी लांब ड्रिल असा क्रम एकाच पकडीत उरकता येतो.

तपासणी : तिरप्या छिद्राचे स्थान मोजताना एक चमत्कारिक अडचण येते. आरेखनात दिलेला बिंदू म्हणजे छिद्राचा अक्ष व मूळ वक्र पृष्ठ यांचा छेदनबिंदू. छिद्र पाडल्यावर तेथे धातूच शिल्लक राहत नाही, त्यामुळे त्याला स्पर्श करून मोजणे अशक्य असते. त्रिमितीय मापन यंत्राचा स्पर्शक छिद्राच्या भिंतीवर निरनिराळ्या खोलींवर टेकवून अनेक बिंदू घेतात, त्यांतून जाणारा सर्वांत योग्य दंडगोल संगणकाने काढतात आणि त्याचा अक्ष बाहेर वाढवून तो मूळ पृष्ठाला कोठे भेटला असता हे गणिताने ठरवितात. असे यंत्र जेथे नसते तेथे अचूक घासलेली पिन छिद्रात बसवून तिच्यावर ठराविक अंतरावरील दोन ठिकाणी डायल लावतात. छिद्र अरुंद व खोल असल्यास आतील वाकणे या दोन्ही पद्धतींत कळत नाही. त्यासाठी अधूनमधून एखादा भाग छिद्राच्या अक्षावरून उभा कापून पाहावा लागतो.